बांधावरचं मूळ

यूफनने ताटली होणाऱ्या जावयाच्या पुढ्यात सरकवली आणि हसू फुटू नये म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले.

"घ्या जावईबापू. आमच्याकडे पहिला मान ह्याचा. नाही म्हणायचं नाही हं."

ताटलीत झअरगनची पांढरी, गाठीगाठींची मुळं होती. कच्चीच. वर निखाऱ्यावर भाजून चुरडलेली मिरची, कोथिंबीर आणि काळा शिरका. आमचं सगळं खोरं ह्या मुळासाठी जीव टाकतं, आणि खोऱ्याबाहेरच्या माणसाला त्याचा वास आला की चार दिवसांची मासळी कुणी नाकाशी धरल्यासारखं होतं. म्हणून तर बाहेरचा जावई आला की हे आधी वाढायचं, आणि तो तोंड दाबून अंगणात पळाला की पोट धरधरून हसायचं, अशी इथली रीत. यूफनच्या नणदेचा नवरा, चांगला सहा फुटी शांघायवाला, चुलीच्या राखेत ओकला होता. आज वीस वर्षं झाली, बिचाऱ्याची सुटका नाही.

यूफनचा नवरा थान मक्याच्या दारूचा पेला भरून तयारच होता, उतारा म्हणून.

"आई, छळू नकोस गं त्याला," लान म्हणाली, पण आईपेक्षा तीच जास्त हसत होती. सहा वर्षं ती उत्तरेत नोकरीला होती. तिथेच हा जिआन भेटला. लग्नाला आता तीन आठवडे उरले होते आणि आज तो आपल्या आईला घेऊन पहिल्यांदाच इकडे आला होता.

जिआनने जेवायच्या काड्यांनी चार मुळं उचलली. चावली. गिळली. पुन्हा उचलली.

"आँ?" थान पेला हातात धरून तसाच राहिला.

"छान आहे," जिआन मान वर न करताच म्हणाला. एका मुळाच्या गाठीवर तंतू राहून गेले होते. त्याने ते मूळ काड्यांतून बोटांत घेतलं, अंगठ्याचं नख गाठीच्या खाली लावलं, एका झटक्यात तंतू ओढून काढले आणि साफ झालेलं मूळ तोंडात टाकलं.

यूफनचं हसू तिथल्या तिथे थांबलं. असं नख लावायला इथल्या आया पोरांना दात येता येता शिकवतात. मोठेपणी शिकलेला माणूस सुरी मागतो.

"आधी खाल्लंत वाटतं कधी?"

"नाही हो काकू. आमच्या हबेईत कुठलं हे?" तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "हात आपोआप गेला."

"म्हणजे गेल्या जन्मी इथलाच!" थानने पेला स्वतःच रिकामा केला. "लान, नवरा शोधलास बाई, मानलं."

सगळे हसले. हसल्या नाहीत त्या जिआनच्या आई, गाओबाई. सकाळी आल्यापासून त्यांनी अंगातला कोट काढला नव्हता, की मांडीवरची पिशवी खाली ठेवली नव्हती. त्यांनी हात लांब करून ताटली उचलली.

"पुरे. कच्चं सोसत नाही त्याला."

"काहीतरीच काय आई? दगड पचवतो मी." त्याने ताटली परत ओढली आणि शिरक्यासकट चाटून पुसून रिकामी केली.

लानने तिथेच फोन लावला. "चुनमे मावशी, होतं तेवढं फस्त झालं गं! आज काढलंयस ना अजून? घेऊन ये की. आणि जावईपण बघून जा."

"कोण ह्या?" गाओबाईंनी विचारलं.

"बांधावरून मुळं काढून बाजारात विकते ती. आईची जिवाभावाची मैत्रीण."

यूफन रिकामे वाडगे घेऊन स्वयंपाकघरात गेली. मागोमाग गाओबाई आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"विहीणबाई, ते मूळ त्याला पुन्हा वाढू नका."

"अहो, आवडलं त्याला! कौतुकच आहे की."

"पाया पडते तुमच्या."

यूफनने नळ बंद केला. गाओबाई मांस कापायच्या फळीकडे बघत बोलत होत्या, अगदी हळू.

"साडेतीन वर्षांचा होता. माझ्या ओटीत आणून घातला तेव्हा त्याच्या तोंडाला हाच वास येत होता. चार वेळा तोंड धुतलं मी त्याचं. पुढे महिनाभर नाल्याकाठी जायचा, बोटांनी माती उकरायचा, सापडेल ती मुळी तोंडात घालायचा, थुंकायचा आणि रडायचा. काय शोधतोय, आम्हाला कळेचना. शेवटी हात बांधून ठेवले मी त्याचे. मग विसरला."

"कुणी आणून घातला?"

"मला मूल होत नव्हतं. मध्यस्थ म्हणाला, आईबाप मेलेत. पुढचं मी विचारलं नाही." त्या थांबल्या. "कसं विचारणार? त्याने माझं बोट धरलं होतं."

"त्याला ठाऊक आहे?"

"नाही. आज तुमच्या दारात उतरले, आणि हा वास लगेच ओळखला मी."

यूफन ओट्याला टेकून उभी राहिली. जिआन तेवढा होता त्या सुमाराला, दोन वर्षांत खोऱ्यातून पाच पोरं चोरीला गेली होती. पाचांतला कुठलाही असेल. पलीकडच्या खोऱ्यातलाही असेल, काय सांगावं? पण त्या पाचांतलं एक चुनमेचं होतं. बाजाराच्या दिवशी हातात एक मूळ देऊन तिने त्याला टोपलीपाशी बसवलं होतं. गिऱ्हाइकाला जुडी बांधून दिली, मान वळवली, तर टोपली होती आणि पोर नव्हतं. त्यानंतर कित्येक दिवस चुनमेने अन्नाला हात लावला नाही. यूफनने तिला स्वतःच्या हाताने पेज भरवली. पोर कुठे सापडलं तर जुळवून बघता यावं म्हणून पोलीस चौकीत तिने आपलं रक्त देऊन ठेवलं होतं, आणि बाजारातली ती जागा तेवीस वर्षांत एकदाही सोडली नव्हती. पोर परत आलं तर तिथेच शोधेल ना, म्हणायची.

"तुम्ही बोललात तर मला तुरुंग आहे," गाओबाई म्हणाल्या. "मला मेलीला काय व्हायचं ते होवो. पण ज्या घरापायी त्याची आई तुरुंगात गेली, त्या घरात तो पुन्हा पाऊल ठेवेल? तुमच्या लानकडे बघेल?"

बाहेरच्या खोलीत लान काहीतरी म्हणाली आणि जिआन मोठ्याने हसला. लान अशी खुशीत कधी बोलली होती, यूफनला आठवेना.

"यूफन!" अंगणातून हाक आली. "कुठे लपवलेस गं जावईबापू?"

गाओबाईंनी यूफनचं मनगट धरलं. यूफनने ते सोडवून घेतलं, ओले हात कपड्यांना पुसले, बाहेरच्या खोलीतून कुणाकडेही न बघता गेली आणि अंगणात येऊन दार मागे ओढून घेतलं.

चुनमे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. पाठीवरची टोपली काठोकाठ भरलेली.

"ओढ्यावर धुऊनच आणलीत. आत नाही येत बाई, पाय बघ माझे. लांबूनच एक नजर टाकते नि जाते."

"आत्ता नको. थानने पाजलीय त्याला. धड बसवत नाहीये."

आतून जिआनचं हसणं पुन्हा ऐकू आलं. चुनमेने मान वाकडी करून कान दिला.

"हसतो गोड गं."

यूफनला वाटलं, आता बोलून टाकावं.

"बरं, मुळं तरी घे," चुनमे म्हणाली.

"नको गं. पाहुण्यांना नाही आवडलं."

"लान तर म्हणाली, फस्त झालं?"

"थुंकून थुंकून संपवलं."

चुनमे खळखळून हसली. "वाटलंच मला! अगं, हे खायला पोर इथलंच लागतं." टोपलीचे पट्टे तिने खांद्यावर सारखे केले. "लग्नात बघेन मग. दृष्ट काढ हो दोघांची."

ती पायऱ्या उतरून बांधाला लागली. मागे दार उघडलं.

"काकू, मावशी आल्या होत्या ना? मुळं आणली?"

"नाही. संपली म्हणाली."

जिआन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. बांधावरून चुनमे सावकाश चालली होती, टोपलीच्या भाराने जरा पुढे वाकलेली.

"टोपली तर भरलेली दिसते," तो म्हणाला, आणि पायात बूट चढवायला खाली वाकला.