ढग नसताना आलेलं पाणी

फिलिपच्या मोटारीत त्या दिवशी माणसं होती चारच, बाकीची जागा भाकरींनी धरली होती. कोकणात नुसता भात मिळतो आणि भातानं माणसाचे गुडघे जातात, असं त्याच्या आईला, भीमाबाईला, कुणीतरी तिसगावच्या बाजारात सांगितलं होतं. तिनं बाजरीच्या कडक भाकरींची चवडच्या चवड बांधून घेतली. त्यावर कांद्याचं पोतं. त्यावर भीमाबाई स्वतः.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाचा बंब लावलेला. बंब पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा, ग्यास तयार होईस्तोवर दोन बिड्या ओढायच्या, मग कुठं मोटार हालायची. हालली की काळा धूर मागं जायचा आणि वारा उलटा असला की पुढं यायचा. घाट उतरून समुद्राच्या कडेकडेनं दक्षिणेला जाताना वारा उलटाच होता. दुपारपर्यंत चौघांची तोंडं तव्याच्या बुडासारखी झाली.

आणि नेमकं त्याच दिवशी तोंड दाखवायला जायचं होतं. फिलिपची मुलगी दया नर्सिंग शिकायला गेली, तिथं शमुवेल नावाचा कंपाउंडर तिला भेटला. पोरगा गुणाचा, पाळकसाहेबांनीही मध्ये पडून चांगलं सांगितलं. पण शमुवेलचे वडील वारलेले, घरात शब्द चालायचा आईचा, रिबकाबाईचा. आणि रिबकाबाईनं पाळकसाहेबांना एवढंच विचारलं होतं, "माणसां घाटी, मां? बोलूक-चालूक कशी आसत?"

तो निरोप तिसगावला पोचला आणि फिलिपच्या काळजात रुतून बसला. नगरच्या रस्त्यावर त्याच्या मोटारीला लोक हात जोडायचे, आणि इथं त्याला घाटी म्हणतात! वाटेत तो बायकोला, मरियाला, पुन्हा पुन्हा बजावत होता, "बोलायचं कमी. हसायचं बारीक. काय दिलं तर आदी न्हाई म्हनायचं."

"आन् तुमी?" मरिया म्हणाली.

"माझं मी बगतो."

शमुवेलचं गाव एका वळणावर राहिलं तेव्हा त्यानं मोटार खाली किनाऱ्यावर घेतली. इथंच तोंडं धुऊ, नवे कपडे घालू आणि मग झोकात जाऊ, असा बेत. वरची वाळू भुसभुशीत होती, चाकं फसली असती. पण खाली पाण्याच्या बाजूला ओली वाळू अशी घट्ट, सारवलेल्या अंगणासारखी! फिलिपनं मोटार थेट तिथं नेऊन उभी केली. तिसगावला नदीच्या पात्रातच मोटारी लावतात, बैल सोडतात, उन्हाळ्यात माणसं झोपतातसुद्धा. वाळू दिसली की मोटार लावायची, हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

मरिया आणि दया कपडे बदलायला केवड्याच्या बनाआड गेल्या. भीमाबाई मोटारीच्या सावलीत पाय पसरून बसली. फिलिपनं अंगातला सदरा काढला, नवा कोट सीटवर घडी घालून ठेवला आणि मोटारीच्या आरशात बघून दाढीला साबण लावला.

तेवढ्यात एक बाई आली. लुगड्याचा काचा मारलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, कमरेवर शिंपल्यांची टोपली. थांबली आणि म्हणाली, "पाणी चढता हा. गाडी वर घेवा."

फिलिपनं आधी समुद्राकडं बघितलं, तो लांब होता. मग आभाळाकडं बघितलं, ते लख्ख होतं.

"बाई," तो म्हणाला, "तू आपलं शिंपलं गोळा कर. पान्याची रीत मला नको शिकवू. वर बग, हाय का एक तरी ढग? पाऊस न्हाई तर पानी येतंय कुठनं? तुझ्या टोपलीतनं?"

भीमाबाई खो खो हसली. बाईनं दोघांकडं नीट बघून घेतलं, "बरां" म्हणाली आणि निघून गेली.

फिलिपचा एक गाल झाला होता. "फिलिप्या," भीमाबाई म्हणाली, "माझं पाय भिजलं रं."

"घागर कलांडली आसंल, आये."

"घागर तर हितं माझ्या मांडीशी हाय."

त्यानं खाली बघितलं तर पाणी त्याच्याही घोट्याशी खेळत होतं. तरी तो डगमगला नाही. त्यानं पुन्हा वर बघितलं, मग डोंगराकडं बोट दाखवलं. "वर घाटात पडला आसंल. ह्यो पूर हाय. पूर कसा, येतो तसा जातो. जरा दम धर."

पूर जायची वाट बघत त्यानं दुसऱ्या गालाला साबण लावला. पूर गेला नाही. पूर चाकाच्या आऱ्यांना लागला. तेव्हा मात्र वस्तरा टाकून तो बंबाकडं धावला आणि पंखा गरागरा फिरवू लागला. पण बंब म्हणजे बंब, त्याला त्याच्या चालीनं तापायचं असतं. निखारा जरा लाल होतोय तोवर एक लाट आली, बंब फुस्स झाला आणि त्यातून निघालेली सगळी काजळी साबणाच्या तोंडावर बसली.

भीमाबाईला त्यानं पाठुंगळी घेतलं. मागं मोटारीचं दार उघडलं आणि बाजरीच्या भाकरी एकामागून एक समुद्रात निघाल्या. त्यांच्या मागं त्याचा कोट, दोन्ही बाह्या पसरून, कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखा.

"माझ्या भाकरी!" भीमाबाई त्याच्या पाठीवरून ओरडली.

वरून माणसं पळत आली. दोर घेऊन, अंगातले सणाचे कपडे तसेच ठेवून पाण्यात उतरली. मोटार रुतून बसली होती, ती काही हलेना, म्हणून वाहून जाऊ नये एवढ्यासाठी तिला दावणीच्या म्हशीसारखी माडाला बांधली. एका तरण्या पोरानं भीमाबाईला अलगद उतरवून घेतलं आणि फिलिपसमोर येऊन मान लववली.

"सलाम, मामा. मी शमुवेल. आणि ही माझी आई. तिनंच पळत येऊन सांगितलं, पाव्हण्यांची गाडी पाण्यात आहे म्हणून."

टोपली अजून तिच्या कमरेवरच होती.

फिलिपनं सलाम करायला तोंड उघडलं, तर साबणाचा बुडबुडा आला. मरिया आणि दया नव्या लुगड्यांत वरती उभ्या होत्या. दयानं शमुवेलकडं बघितलं, मग बापाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तो रडू लपवायला की आणखी कशाला, हे बघायची फिलिपची छाती झाली नाही.

रिबकाबाईच्या घरी त्याला शमुवेलचा सदरा दिला, तो पोटावर बसेना. गाल धुवायला गोडं पाणी दिलं. पोरांनी भाकरी समुद्रातून वेचून आणल्या होत्या, त्या अंगणाच्या दगडी गडग्यावर बोंबलांच्या शेजारी वाळत घातल्या. कुणी काही बोललं नाही. त्यानंच फिलिप जास्त खचला. बाईनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती आग्रह करून त्याच्याच ताटात त्या शिंपल्यांचं कालवण वाढत होती. पाव्हण्यांसाठी म्हणून ती सकाळपासून चिखलात उभी होती, हे शेजारीण कौतुकानं मरियाला सांगत होती आणि फिलिप ऐकत होता.

कसंबसं त्यानं म्हटलं, "बाई, मगाशी मी जे बोललो..."

"जेवा तुमी," रिबकाबाई म्हणाली. "सांजेक पाणी उतारला की गाडी काढू."

"उतरंल?" फिलिपच्या तोंडून निघून गेलं. "एवढं पानी जातं कुठं?"

वाढणाऱ्या बाईचा हात थांबला. आणि मग पहिली हसली ती दया. शमुवेल हसला, शेजारीण हसली, मरियासुद्धा हसली. भीमाबाईला काही कळलं नव्हतं, तीही हसली.

"गो दया!" रिबकाबाई कडाडली. "बापाशीक हसतंस? आमच्या घरात ह्यां चालूचा नाय हां!"

दया गप्पकन थांबली. शमुवेल खाली बघून लाजला. मरियानं फिलिपला कोपरानं ढोसलं. 'आमच्या घरात' हे दोन शब्द तिनं अचूक टिपले होते. सोयरीक झाली होती.

फिलिपलाही ते कळलं. पण आनंदानं मान वर करावी, तर समोर ती बाई उभी होती, आणि ती त्याची बाजू घेत होती. तो तसाच ताटात बघत भात कालवत राहिला. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा आदी न्हाई म्हणायचंही त्याला सुचलं नाही.