डवऱ्याचं पहिलं पाणी

मी डवरा बोलतोय. म्हणजे नदीच्या वाळूतला खड्डा. हसा, हसा! खड्ड्याला कसलं आलंय चरित्र? पण खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावाचा घसा माझ्यावरच ओला व्हायचा, तेव्हा ऐकून घ्या.

पावसाळ्यात पूर मला बुजवायचा, दिवाळी सरली की बाया मला पुन्हा उकरायच्या. दर वर्षी मरण, दर वर्षी बारसं. इतकी बारशी एखाद्या पाटलाची झालेली दाखवा! नदीचं पाणी वाळूतून गाळत माझ्यात झिरपायचं, बाया करवंटीनं हंडे भरायच्या. मी भारी खट्याळ. घाई करणारीला गढूळ द्यायचो, सासूच्या चहाड्या सांगत बसणारीला नितळ. चहाड्या मलाही गोड लागायच्या.

मग पासष्ट सालच्या सुमारास नदीच्या वरच्या अंगाला कारखाना आला. भोंगा वाजला आणि गावाला शहाणपण फुटलं. भात लावणारे पोरगे खाकी घालून सायकलीवर मिरवू लागले. अंबाबाईचा सहदेव त्यातलाच. घरावर कौलं चढली, रेडिओ आला, बायजा नावाची देखणी बायको आली. अंबाबाई माझ्या काठावर बसून लेकाच्या नोकरीचं असं कौतुक करायची, की पाण्यावर साय धरावी.

पुढं नदीला वास सुटला. मासे पोट वर करून तरंगले. गावानं आधी टोपल्या भरल्या, मग उलट्या केल्या. सहदेवची म्हैस नदीवर पाणी प्यायली, ती गोठ्यात परतलीच नाही.

पण बायांचा वाळूवर भारी भरवसा. नदी नासली तर डवरा काठापासून लांब खणायचा, वाळू सगळं गाळते, हे आजीपासूनचं ज्ञान. अंबाबाईनं मला लांब, करंजाखाली खणलं, हळदकुंकू वाहिलं. नव्या डवऱ्याचं पहिलं पाणी घरातल्या पोटुशीला द्यायची आमच्याकडे रीत. बायजा गरोदर होती. करवंटी तिच्या ओठाला लागणार, तोच सहदेव कारखान्याच्या पाळीवरून येताना सायकल टाकून धावला.

"आये, देऊ नको तिला. ह्ये वाळूत गाळलं जात नाय."

"नितळ तर हाय रं."

"आमी कारखान्यातनं सोडतो ते पन नितळच दिसतं."

"मंग सायबाला सांग ना."

सहदेव सायकल उचलायला वळला. साहेबाला सांगणारे दोघे गेटाबाहेर गेले होते आणि हा नुकताच नोकरीत कायम झाला होता. अंबाबाईनं करवंटी ओतून टाकली. डोंगराकडच्या विहिरीचं पाणी मी सायकलीवर आणीन, सहदेव म्हणाला. आणलंही काही दिवस. मग त्याला ओव्हरटाइम लागला.

अवघडलेली बायजा माझ्याकडेच आली. त्या दिवशी मला गढूळ व्हायचं होतं हो, पण जमलं नाही. असा नितळ होतो, की तिनं माझ्यात बघून कुंकू नीट केलं. मग प्याली. रोज प्याली.

पोर जन्मलं ते रडलंच नाही. जवळच वाळूत पुरलं त्याला. सहदेव भोंग्याला हजर होता. त्याला हसू नका, चूल त्याच भोंग्यावर पेटते.

आता बायजाला पुन्हा दिवस गेलेत. अंबाबाई म्हणते, हा डवराच पांढऱ्या पायाचा, नवा आणखी लांब खणू. मला बुजवून ती पलीकडे वाळू उकरतेय, बायजा करवंटी घेऊन शेजारी बसलीय.

अंबाबाई, हात आवर गं. यंदा मला जन्माला घालू नकोस.