सही कोणाची चालते

फोन आला तेव्हा धाकली एका म्हाताऱ्याच्या कवळीला खालचे दात बसवत होती. दातांच्या लॅबमध्ये सोळा वर्षं काढली की हात आपोआप चालतात. मेणात एक दात रोवायचा, किंचित कलता करायचा, पुढचा उचलायचा. पलीकडून लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीतलं कोणीतरी बोलत होतं. तुमचे भाऊ आमच्याकडे मेकॅनिक होते, काल दुपारी कामावरच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. फॉर्मवर तुमचा नंबर आहे.

"बरं," धाकली म्हणाली. "येते."

आणि उरलेले चार दात बसवून मगच ती उठली.

दादाशी ती नऊ वर्षं बोलली नव्हती. दादाने ज्या बाईशी संसार मांडला तिचं आधी एक लग्न झालेलं होतं, आणि तो नवरा तिला नांदवतही नव्हता आणि कागदावर सोडतही नव्हता. आईने दादाला बजावलं, ती तरी नाहीतर आम्ही तरी. दादाने बॅग भरली. धाकलीने आईची बाजू धरली. पुढे आई गेली, तेव्हा तिने दादाला कळवलं ते सगळं उरकल्यावर. "अच्छा," एवढंच तो म्हणाला होता, तेच शेवटचं बोलणं.

शवागाराबाहेरच्या बोळात भिंतीला लागून चार खुर्च्या होत्या. एकीवर एक बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. बोटांची टोकं सुया टोचून टोचून खरबरीत झालेली. धाकलीने तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी कोण ते कळलं. घरात तिचं नाव कोणी घेत नसे. आई तिला शिवणवाली म्हणायची, तेही दात-ओठ खाऊन.

"आलात का एकदाच्या!" खिडकीतला कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. "ह्या बाई कालपासून ठिय्या देऊन आहेत. मी विचारलं, तुम्ही कोण? तर म्हणतात, बरोबर राहते. आता 'बरोबर राहते'ला माझ्याकडे रकानाच नाही, मी तरी काय करू? तुम्ही सख्ख्या बहीण ना?"

"हो."

"आईवडील?"

"नाहीत."

"बायको, मुलं?"

"नाहीत," धाकली म्हणाली. मागे वळून पाहायचं तिने टाळलं.

"मग तुम्हीच. ताब्यात घ्यायचा हक्क तुमचा, आणि पुढचं सगळं पार पाडायची जबाबदारीही तुमचीच. नको असेल तर तसं लिहून द्या. सात दिवस थांबून पालिका उरकते."

"मी नको म्हटलं तर ह्यांना मिळेल?"

"छे. मग पालिकेला. तुम्ही सही करून घ्या, पुढे कोणाला पुढे करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

ओळख पटवायला तिला आत नेलं. चादर बाजूला झाली. तोंड जरासं उघडं होतं आणि डावीकडच्या वरच्या सुळ्यावर कॅप दिसत होती. शेड चुकलीय, धाकलीच्या मनात आलं, चांगली दोन नंबरनी चुकलीय, कोणी केलं हे काम? आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण दादाकडे बघतोय. आता रडू येईल म्हणून ती थांबली. आत बर्फाच्या लादीसारखं काहीतरी होतं, ते हललं नाही. बाजूचा माणूस खाकरला. "हाच," ती म्हणाली.

बाहेर तिने चार ठिकाणी सह्या केल्या. कारकुनाने प्लास्टिकची पिशवी सरकवली: घड्याळ, चष्मा, दोन किल्ल्या. तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

"हे बघ, खोलीचा करार त्याच्या नावावर असणार. किल्ली हातात आली ना? आधी कुलूप बदल. ती बाई एकदा ठाण मांडून बसली की भिजत घोंगडं पडेल."

"बरं."

सकाळपासून ती सगळ्यांनाच बरं म्हणत होती.

मग ती त्या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"कसं करायचं, काही बोलला होता?" धाकलीने विचारलं.

"हे म्हणायचे..." बाई अडखळली. "तुमचे दादा म्हणायचे, फार माणसं नकोत. आणि कामाच्या कपड्यांत नको." तिने मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. आत इस्त्री केलेला शर्ट आणि पँट. "मीच शिवलेत. घालाल का म्हणून काल इथल्या लोकांना विचारलं, तर म्हणाले, घरच्यांना विचारावं लागेल."

धाकली पिशवी घेऊन खिडकीशी गेली. "हे कपडे घाला."

"घालू की," कारकून म्हणाला.

विद्युतदाहिनीपाशी पाच माणसं होती. कंपनीतले दोघे, एक शेजारी आणि ह्या दोघी. तिथल्या माणसाने विचारलं, जवळचं कोण पुढे येतंय? धाकली एक पाऊल मागे सरली. शिवणवाली पुढे गेली. कोणी काही विचारलं नाही.

मृत्यूच्या नोंदीला दादाची कागदपत्रं लागणार होती, म्हणून दोघी तिथूनच खोलीवर गेल्या. दाराशी बाई बाजूला होऊन उभी राहिली. स्वतःची किल्ली तिच्या पर्समध्ये असणारच, पण तिने ती काढली नाही. धाकलीने प्लास्टिकच्या पिशवीतली काढून लावली. फिरेना.

"जरा वर उचलून फिरवा," मागून आवाज आला.

आत शिलाई मशीन, त्यावर शाळेच्या गणवेशांचा ढीग, पलंगाखाली दादाचे जास्तीचे बूट. कागद एका फायलीत नीट लावलेले होते.

"माझ्याबद्दल काही बोलायचा?"

"नाही." बाईने वाकून पलंगाखालचे बूट जोडीने सरळ लावले. "एकदा मी म्हटलं, फॉर्मवर माझा नंबर घाला. तर म्हणाले, तुला दारातच उभं करतील. ती निदान आत तरी जाईल."

धाकलीने फाइल काखेत मारली. किल्ल्या मशीनवर ठेवल्या आणि जिना उतरली.

त्याच आठवड्यात तिने घरमालकाला वारस म्हणून लिहून दिलं, करार ह्या बाईंच्या नावे करायला माझी हरकत नाही. नवरा तीन दिवस घुम्यासारखा वागला. चौथ्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणाला, तिथून बोलणं पुन्हा सुरू झालं. धाकली कवळ्या करत राहिली. रडू काही आलं नाही. लॅबमधल्या मैत्रिणीने विचारलं, बरी आहेस ना? ती म्हणाली, तेच तर कळत नाही.

तीन आठवड्यांनी शिवणवालीचा फोन आला. विजेचा मीटर दादाच्या नावावर होता आणि नाव बदलायला वारसाची सही लागत होती. धाकलीने अर्धी रजा टाकली. रांगेत दोघी पाऊण तास उभ्या होत्या. खिडकीतल्या तरुणीने फॉर्म चाळला आणि मान वर केली.

"ह्या तुमच्या कोण?"

"वहिनी," धाकलीच्या तोंडून निघून गेलं.

"मग प्रश्नच मिटला! बायकोचीच सही चालते. तुम्ही उगीच खेप घातलीत."

शिवणवाली खाली बघायला लागली. तिचे कान लाल झाले होते.

"कागदावर नाहीत त्या," धाकली म्हणाली. "कागदावर मी."

तरुणीने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, फॉर्म फिरवून धाकलीपुढे ठेवला आणि कुठे कुठे ते पेनने दाखवलं. धाकलीने सह्या केल्या.

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. "जेवून जाता?" शिवणवालीने विचारलं.

"आज नको, दोन कवळ्या अडल्यात." धाकली पर्सची चेन ओढत राहिली, ती कुठेतरी अडकली होती. "रविवारी येते. गॅसचे कागद काढून ठेवा, तिथेही माझी सही लागेल."

"बरं," शिवणवाली म्हणाली.