धमक येत नाही

“धमकच येऊन नाही राहिली ना, बाबा! कॉइल जळली का पाहा बरं!”

संघदीप खाली रस्त्यावर उभा राहून ओरडत होता. वर पिकअपमध्ये त्याचा बाप गुलाब डीजेच्या दोन काळ्या पेट्यांच्या मध्ये उकिडवा बसला होता. एका वूफरच्या कागदी पडद्यावर त्याने तळहात टेकवला होता, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. चौदा एप्रिलची दुपार म्हणजे दवनीवाड्यात पत्र्याला हात लावायची सोय नसते. गाडी विहारासमोरच्या कडुनिंबाखाली होती, पण सावली अर्धीच होती आणि त्या अर्ध्या सावलीत पेट्या ठेवल्या होत्या. बाप उन्हात होता.

“जळली असती त वास आला असता,” गुलाब म्हणाला. “बोंबलू नको.”

बस स्टॉपजवळच्या टपरीत गुलाबचं आयुष्य गेलं होतं. आधी रेडिओ आले, मग टेप, मग टीव्ही, आणि आता या पेट्या. दुकानाची पाटी रंगवायचं राहून गेलं ते गेलंच, पण ‘नाही जमत’ हे शब्द त्याच्या तोंडून गावानं कधी ऐकले नव्हते. एरवीही फार शब्द ऐकले नव्हते म्हणा. त्याची बायको पार्वताबाई म्हणायची, “मेलेल्या रेडिओले बोलतं करते हा मानूस, आन् घरी आला का सोताच बंद पडते.” ती गेल्याला चार वर्षं झाली. आता घरात बंद पडणाऱ्याला बोलतं करणारं कुणी नव्हतं.

त्याने दोन्ही हातांनी पडदा सारखा दाबून पाहिला. आत कुठं घासत नव्हतं. स्क्रू घट्ट होते. मशीनवरचं धमक वाढवायचं, बेसचं बटन संघदीपने आधीच पिळून शेवटाला नेलं होतं. हल्लीच्या पोरांचा इलाज एकच, बटन पिळायचं.

“लाव काहीतरी,” गुलाब म्हणाला.

संघदीपने मोबाइलवर बोट फिरवलं आणि वरच्या छोट्या पेट्यांतून पार्वताबाई गायला लागली.

*टोपली खाली ठेव बाई, पाटी हाती घे...*

गुलाबचा हात पडद्यावरच राहिला.

हे गाणं तिनंच जुळवलेलं होतं. स्वतःला सहीपुरतं लिहिता येत होतं, तेही मोठ्या मुश्किलीनं. पण विहारात बायका जमल्या की तिचा आवाज सगळ्यांच्या पुढं. एका पावसाळ्यात गुलाबने घरच्या टेपवर तो भरून घेतला होता. ती एकच कॅसेट. गेल्या महिन्यात संघदीप ती गोंदियाला घेऊन गेला, कुणाकडून तरी तिच्यावर ढोल-बीट चढवून आणलं आणि मोबाइलमध्ये गाणं घेऊन परत आला. कॅसेट आलीच नाही. तिथल्या मशीनमध्ये फीत गुंतली, तुटली, फेकली. गुलाबने विचारलं तेव्हा पोरगं म्हणालं होतं, “मोबाइलमंधी आला ना गाना, मंग कॅसेट कायले पाह्यजे?” आपण काय फेकून आलो हे त्याला कळलंही नव्हतं. गुलाब त्या दिवशी जेवला नव्हता.

नंतर टपरीतल्या मोठ्या पेटीवर त्याने ते मोबाइलमधलं गाणं एकदाच ऐकलं होतं. नुसती धडधड. त्या धडधडीखाली कुठंतरी बायको, विहिरीत पडलेल्या माणसासारखी.

आणि आज पेट्या बिघडल्या, तर ती वर आली होती. दुसऱ्या कडव्याआधी ती ओळ विसरली होती. शेजारच्या भागरताबाईनं हळूच सांगितली होती, आणि पार्वताबाईनं स्वतःवरच चिडून बांगड्यांचा हात मांडीवर आपटला होता. ते सगळं ऐकू आलं. ती कुजबूज, तो बांगड्यांचा आवाज, तो लांब घेतलेला श्वास. गुलाबने मान खाली घातली. घाम पुसायचं निमित्त करून त्याने गमछा तोंडावरून दोनदा फिरवला.

“पाहा, आहे का काही दम?” संघदीप म्हणाला. “लग्नातली बाई गाऊन राहिली असं वाटते.”

गुलाबने खिशातून घड्याळाचा सेल काढला, दोन वायरी लावल्या आणि पहिल्या पेटीच्या टोकांना टेकवल्या. पडदा टुणकन बाहेर आला. दुसऱ्या पेटीला तशाच टेकवल्या, तर पडदा आत गेला. झालं. दुसरी पेटी संघदीपने गोंदियातून जुनी आणली होती, तिच्या आतल्या वायरी कुणीतरी उलट जोडल्या होत्या. एक पेटी हवा बाहेर ढकलणार तेव्हा दुसरी आत ओढणार. शेजारशेजारी ठेवल्या की दोघींची धमक दोघीच खाणार. बिघाड एवढाच. दोन वायरींची अदलाबदल, बिडी पेटवून विझायच्या आत होणारं काम.

पण त्याने पकड उचलली नाही.

“काय झालं?” संघदीपने विचारलं.

एक शब्द पुरेसा होता. कॉइल गेली म्हटलं असतं तर पोरगं पेटी उघडून पाहणार नव्हतं, त्याला कळणारही नव्हतं. मिरवणूक अशीच निघाली असती आणि सगळ्या गावानं तिला ऐकलं असतं.

“बेस थोडा कमीच राहू दे ना,” गुलाब म्हणाला. “शब्द आयकू येऊन राहिले.”

“शब्द कोन आयकते, बाबा? लोकं नाचाले येते!” मग संघदीप गाडीला धरून वर आला आणि आवाज खाली आणत म्हणाला, “आज पयल्यांदा गावानं मले मिरवणूक देली. नाही वाजला त म्हनतील, कामठ्याचा डीजे आना, हा रिकामटेकडाच बरा होता. आन् मायच्याच गान्यावर नाचतील ना सारे. तिचंच नाव होते ना, बाबा.”

त्याचे डोळे खरोखर चमकत होते. आईचा मान करतोय असंच त्याला मनापासून वाटत होतं. मूर्ख असता तर गुलाबने त्याला दोन ठेवून दिल्या असत्या. लबाड असता तर शिव्या घातल्या असत्या. पण पोरगं भाबडं होतं, आणि भाबडेपणावर कोणत्याच मिस्त्रीकडं औजार नसतं.

“पकड दे,” गुलाब म्हणाला.

त्याने वायरी बदलल्या. संघदीपने गाणं पुन्हा सुरू केलं आणि पहिल्याच ठोक्याला कडुनिंबावरचे पक्षी उडाले. गुलाबच्या छातीत दणका बसला. संघदीप आनंदानं ओरडला, “आता आली! आता आली धमक!”

गुलाबने कान देऊन पाहिलं. बांगड्या गेल्या होत्या. कुजबूज गेली होती. श्वासही गेला होता.

ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. निळ्या झेंड्यांखाली पोरं घामाघूम नाचत होती आणि संघदीप गाडीवर उभा राहून दोन्ही हात उंचावत होता. गल्लीतल्या घरांचे पत्रे थरथरत होते, आतली भांडी वाजत होती. गुलाब मागून चालत होता. लोक त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणत. बहुतेक कौतुकच असावं.

भागरताबाई दारात खुर्ची टाकून बसली होती. आता तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं. ठेवणीतलं पांढरं पातळ नेसली होती. संघदीपनेच तिला सकाळी सांगितलं होतं, मोठीमाय, आज मायचा गाना लावतो. गाडी तिच्या दारावरून गेली. ती कान टवकारून बसली होती, ओठ हलत होते, ओळ सांगायच्या तयारीत असल्यासारखे. गाडी वळणावर गेली. तिने गुलाबला हाक मारली.

“जय भीम, गुलाब. पार्वताचा गाना कवा लावते रे पोट्टा?”

गुलाब थांबला.

“आताच वाजला, वयनी.”

“आताच?” म्हातारीनं वळणाकडं पाहिलं. “मले त नुसती धकधकच आयकू आली. पार्वता कोठी होती त्याच्यात?”

त्याने चपलेनं रस्त्यावरचा खडा इकडून तिकडं केला.

“मशीन बिघडली आहे,” तो म्हणाला.

“मंग तू कायले आहेस? तू त मिस्त्री ना! दुरुस्त काऊन नाही केली?”

“नाही जमली, वयनी.”

भागरताबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. गुडघ्यावर हात देऊन ती उठली, खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची फरफटत घरात घेऊन गेली.