तात्यांचा डावा पाय

माघातला गुरुवार, १९३६, सकाळ. हजर: मी, मोटारीचा कारभारी; मोटार हाकणारे तात्या; बारामतीच्या बाजाराला निघालेले उतारू; आणि सणसरजवळ कालव्याच्या चढावर अडलेली आमची सर्व्हिस मोटार.

आधी वास आला, तव्यावर चिंधी करपावी तसा. तात्या म्हणजे माझ्या लेखी कोवळ्या उन्हात तांब्यासारखी झळकणारी पोटरी, पाटाच्या पाण्यासारखे संथ हात, आणि क्लचवर सदैव टेकलेला तो डावा पाय. मोटारीआधी इंदापूरच्या रस्त्यावर उभा जन्म बैलगाडी हाकताना बैलाच्या पुठ्ठ्याला डाव्या पायाचा अंगठा लावून बसायची त्यांची सवय. तो स्पर्श म्हणजे जनावराशी चाललेलं अखंड, मुकं बोलणं. मोटारीशीही ते तसंच बोलत राहिले.

किती वेळा बजावलं होतं! गिअर पडला की पाय खाली घ्या. चढावर थांबायचं तर हँडब्रेक ओढा. अर्ध्या क्लचवर गाडी तोलू नका, क्लचच्या चकतीचं अस्तर घासून जळतं. मागे एकदा जळालं तेव्हा मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर तात्यांनी घरी बसावं.

आणि आज समोरून उसाच्या गाड्या आल्या, तात्यांनी अदबीनं वाट दिली, अन् भरली मोटार क्लचवरच तोलून धरली.

"तात्या, पाय!"

"आवं अण्णा, पाय काढला की जनावर ढिलं पडतंय."

"हे जनावर नाही!"

"मंग शेपटी पिरगाळा की, तात्या!" मागून वांगीवाली म्हणाली. सगळी मोटार हसली, तात्याही हसले. गाड्या गेल्या, तात्यांनी वेग दिला. इंजिन बोंबलत राहिलं, चाकं ढिम्म; अस्तर पुन्हा जळालं होतं.

तात्या खाली उतरले आणि दमल्या बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मला त्या मायेचाच संताप आला, अजून येतो. एवढी माया होती, तर पाय उचलायला काय झालं होतं?

मालकांनी शब्द पाळला. नव्या अस्तराची मोटार अड्ड्यावर उभी आहे, आणि तात्या कोऱ्हाळ्यात लेकीच्या दारी उन्हाला बसलेले असतात म्हणे. काळ माणसाला वाटेत उतरवून निघून जातो; उतरलेला मात्र माझ्या डोळ्यांपुढे हाकणाऱ्याच्या जागेवरून हलत नाही. त्या जागी आता दुसऱ्या कुणाला बसवायचं, ते ठरवायचं माझं अजून राहिलं आहे.