न भाजलेला राब

पांढऱ्या रुमालावर ओल्या मातीचा तपकिरी डाग दिसला की मला आधी ताईची बोटं आठवतात, मग ताई. कुठल्याही बांधावर ती थांबायची, चिमूटभर माती रुमालाच्या भिजवलेल्या कोपऱ्यावर घासायची आणि तो कोपरा उन्हाकडे धरून डाग किती गडद ते निरखत राहायची. त्या वेळी तिच्या भुवयांमध्ये एक बारीक आठी पडे. माझी ही थोरली बहीण नाशिकच्या एका महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवायची आणि जन्मभर कशाची ना कशाची काळजी करायची. गॅस बंद केला का, हे पाहायला ती अर्ध्या जिन्यातून परत यायची.

अलीकडची तिची काळजी स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या दोन बरण्यांत ठेवलेली होती. दोन्हींत पालापाचोळ्याचं पाणी होतं. एकीत तिने सिन्नरच्या एका पोलादभट्टीतून आणलेली मळी, म्हणजे धातू वितळवताना उरणारा स्लॅग, कुटून घातली होती. हेमंतातलं तिरपं ऊन खिडकीत उतरे तेव्हा साधी बरणी फिकटच राही, मळीची मात्र आधी मधासारखी आणि पुढे कोऱ्या चहासारखी गडद होत गेली. पानं कुजताना त्यांतून जे रस सुटतात ते एरवी पाण्याबरोबर वाहून जातात, पण मळीतलं लोखंड आणि मँगनीज त्यांना एकमेकांत गुंफतं आणि मातीला काळेपण देणारं, वर्षानुवर्षं टिकणारं ह्युमिक द्रव्य लवकर घडतं, हे ती मेथी निवडता निवडता सांगे. सांगताना तिचा चेहरा उजळे, आणि लगेच झाकोळे. मळीत विषारी क्रोमियम असलं तर? तिने मळी तपासून घेतली, पुन्हा तपासून घेतली, आणि दोन्ही अहवालांवर तिचा पुरता विश्वास बसला नाही.

पेठकडच्या डोंगरात जनीबाईंचं भाताचं खाचर आहे. मातीचे नमुने घ्यायला ताई तिथे जायची आणि त्यांच्याच ओसरीवर जेवायची. तिथली माती तांबडी, आंबट. पाऊस तिचं सारं सत्त्व धुऊन नेतो. भाताची रोपं वाढवायच्या तुकड्यावर पाला, फांद्या, शेण पसरून उन्हाळ्यात ते पेटवायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप निर्धास्त उगवतं. याला राब भाजणं म्हणतात. तो धूर पाहिला की ताईला हळहळ वाटे. त्या हेमंताच्या अखेरीस तिने जनीबाईंना सुचवलं, यंदा राब भाजू नका. पाल्याच्या थरांत मळीची पूड टाकून तो कुजू द्या आणि तेच खत रोपांना घाला.

"तुमी म्हंता तर नाय भाजत," जनीबाई म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरी थापू लागल्या.

त्या सहज होकाराने ताईची झोप उडाली. रोपं आलीच नाहीत, किंवा तणाने गिळली, तर लावणी नाही, आणि लावणी नाही तर त्या घरात वर्षभर भात नाही. "माझ्या बरणीत तण उगवत नाही गं," ती मला म्हणायची. "बरणीच्या भरवशावर मी त्यांचं खाचर कसं टांगलं?"

फाल्गुनात ताईला हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्याच्या खाटेवर तिची बोटं चादरीचा कोपरा चिमटीत धरून चोळत राहत. "जनीबाईंना सांग, भीती वाटली तर भाजा म्हणावं," एवढं ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. पानगळ संपायच्या आत ती गेली.

चैत्रात मी निरोप घेऊन गेले. भाजणीला अजून अवकाश होता. जनीबाईंनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाशी धरला. वैशाखात बसच्या खिडकीतून मला डोंगरउतारांवर जागोजागी राबाचे धूर दिसले, आणि ताईची काळजी आता माझ्या पोटात राहायला आली आहे हे उमगलं. त्यांतला एखादा धूर जनीबाईंचा असावा, असं मला मनापासून वाटत होतं.

आषाढात गेले तेव्हा रोपं वर आली होती. राखेचा कणही नव्हता, कुजलेला पाला तेवढा मातीत मिसळलेला दिसत होता. एका कोपऱ्यात ती विरळ होती, तण खूप होतं, आणि जनीबाई उकिडव्या बसून ते हाताने उपटत होत्या. लावणीला बहुतेक पुरेल, कमी पडलं तर बहिणीकडून आणीन, असं त्या म्हणाल्या. दाणा कसा भरेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निरोप मिळूनही राब का भाजला नाही, असं मी विचारलं.

"त्या असत्या तर भांडले असते, मंग भाजला असता," तण बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "नसलेल्या मानसाशी कसं भांडू, बाई?"

मला रडू आलं. ताईचा रुमाल माझ्याजवळ होता. त्याच्या एका कोपऱ्यावर याच मातीचा गेल्या वर्षीचा डाग होता. मी दुसरा कोपरा भिजवला, माती घासली आणि ढगांतून उतरलेल्या उजेडात दोन्ही डाग शेजारी धरले. नवा डाग कणभर गडद वाटला, मग वाटला नाही. माझ्या भुवया आवळल्या आहेत हे मला जनीबाईंच्या नजरेवरून कळलं. पान कुजायला एक पावसाळा पुरतो. कुजल्यावर त्याचं जे उरतं ते मातीत किती काळ थांबेल, हे ताईलाही कधी नक्की सांगता आलं नव्हतं, आणि मी तो रुमाल न धुता घडी घालून ठेवला आहे.