घरचा वाफा

पारखीला साऱ्या जगाचा तिटकारा होता. डोंगरउतारावरच्या त्या पट्ट्यातल्या स्ट्रॉबेरीचं नाव लांबलांबच्या शहरांत झालं होतं, आणि ते आपल्या एकट्याच्या जिवावर झालं, अशी त्याची ठाम समजूत होती. बाकीचे सगळे त्याच्या लेखी भामटे. सपाटीवरची फळं आणून इथली म्हणून खपवणारे भामटे, डबीत वर टपोरी आणि खाली चिल्लर लावणारे भामटे. गाडीतून उतरून वाफ्यात फोटो काढणारी गिऱ्हाइकं तर निव्वळ बिनडोक. "यांना रंग कळतो, चव कळत नाही," असं तो त्यांच्यादेखत म्हणायचा. एक घास घेतला की फळ कुणाच्या शेतातलं ते सांगतो, अशी त्याची बढाई होती. लोकांनी थट्टेनं त्याला पारखी म्हणायला सुरुवात केली आणि या गृहस्थानं ते पदवीसारखं मिरवलं.

सगळ्यात जास्त तुच्छता त्यानं धाकट्या भावासाठी राखून ठेवली होती. दोघांची शेतं एका बांधाला लागून, रस्त्यावरचे स्टॉलही शेजारी शेजारी. धाकट्याची फळं बारीक, गडद, जराशी ओबडधोबड. "बकरीच्या लेंड्या विकतोय," पारखी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. पारखीची फळं मात्र लहान मुलाच्या मुठीएवढी, चकचकीत. त्यातलं इंगित साधं होतं. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी तो ठिबकचा कॉक पूर्ण उघडून ठेवायचा, आणि सकाळपर्यंत फळं पाणी पिऊन टम्म फुगायची.

स्टॉल सांभाळणाऱ्या सुनेनं त्याला किती वेळा विनवलं होतं. "मामंजी, तोडणीच्या तोंडावर पाणी नका सोडू. फळ फुगतं, पण चव पातळ होते. एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येत नाही."

"तू मला शिकवणार? माझी हयात गेली स्ट्रॉबेरीत."

हयात गेली होती हे खरं, पण विकायच्या डबीतलं फळ त्यानं कित्येक वर्षांत तोंडात घातलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागे एक वाफा फक्त घरच्यांसाठी राखलेला होता. त्याला बेतानं पाणी, आणि देठापर्यंत लाल झाल्याशिवाय फळाला हात लावायचा नाही. त्यातलं वाटीभर रोज सकाळी पारखीच्या पुढ्यात यायचं. तेवढंच तो खायचा, आणि उरलेल्या शेतातही तेच पिकतं असं खुशाल धरून चालायचा.

अशात आइस्क्रीमच्या कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. त्यांना हंगामभर एकाच शेतातलं फळ हवं होतं, आणि डब्यावर त्या शेतकऱ्याचं नाव छापायचं होतं. पारखीची झोप उडाली. डब्यावर आपलं नाव आणि शेजारी धाकट्याचं कापलेलं नाक, याहून मोठं सुख त्याला सुचत नव्हतं. सुनेलाही हा व्यवहार हवा होता, पण तिचं कारण वेगळं होतं. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाइकांच्या शिव्या तीच खात होती.

बाई हुशार निघाल्या. त्यांनी सकाळीच दोन्ही स्टॉलवरून डब्या घेतल्या होत्या. पारखीच्या माल भरायच्या शेडमध्ये, टेबलावर, त्यांनी फळांच्या बारीक फोडी करून त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या.

"फोडी केल्यात, म्हणजे आकार दिसायला नको. तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?"

"माझे डोळेही बांधा!" पारखी म्हणाला. मजूरबाया हातातलं काम टाकून बघायला आल्या. धाकटाही दारात येऊन उभा राहिला.

पहिली फोड तोंडात गेली आणि पारखीचं तोंड वाकडं झालं. तो सरळ फरशीवर थुंकला.

"ही स्ट्रॉबेरी? ही रंगवलेली काकडी आहे!"

सुनेनं फोडींचा पांढरट गाभा केव्हाच ओळखला होता. "मामंजी, घाई करू नका. पुन्हा एकदा नीट चाखा."

"गप्प बस तू!" त्यानं त्याच वाटीतली आणखी एक फोड घेतली, चावली, तीही थुंकली. "असला माल विकणाऱ्याला या पट्ट्यातून हाकलून दिलं पाहिजे. बाई, हा आमचा धाकटा. लहानपणापासून लबाड. पाणी विकतोय, पाणी!"

दुसऱ्या वाटीतली फोड त्यानं जिभेवर घोळवली आणि डोळ्यांवरच्या पट्टीखालीच हसला. "हे बघा. याला म्हणतात फळ. हे माझं."

"पहिली वाटी तुमच्या डबीतली होती," बाई म्हणाल्या.

पारखीनं पट्टी ओरबाडून काढली. "अदलाबदल झालीय! सगळे मिळून मला शेंडी लावताय!"

बाईंनी पिशवीतून दुसरी डबी काढली. वर त्याच्याच स्टॉलची चिठ्ठी चिकटवलेली, अजून न फोडलेली. त्यानं ती फोडली, सगळ्यात टपोरं फळ उचललं आणि चावलं. सगळे बघत होते, त्यामुळे या खेपेला थुंकता येईना. त्यानं तो घास कसाबसा गिळला. मजूरबाया पदराआड हसल्या. धाकटा हसला नाही, नुसता जमिनीकडे बघत राहिला, आणि ते पारखीला जास्त झोंबलं.

"तुमची पारख मात्र खरी आहे," बाई म्हणाल्या आणि धाकट्याबरोबर बांध ओलांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारखी नेहमीसारखा ताठ बसला. सुनेनं वाटी पुढ्यात ठेवली. आत टपोरी, चकचकीत फळं होती.

"घरच्या वाफ्यातली कुठायत?"

"ती स्टॉलवर लावलीत. विकायला तेवढीच बरी आहेत आपल्याकडे. घरात आजपासून हीच."

"ही मी खायची?"

"का? आजवर लोकांनी खाल्ली की." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि मामंजी, थुंकायचं झालं तर बाहेर जा. कालची फरशी मला पुसावी लागली."